होल्डचा माल

धायरीतल्या आमच्या घरामागे पूर्वी गोठा होता, तिथे आता पत्र्याची शेड आहे. शेडमध्ये दोन प्रेस, रबर साच्यात दाबायची यंत्रं. त्यांवर माझा नवरा, विश्वजीत, मोटारीच्या ब्रेकमधलं रबर काढतो. बाटलीच्या बुचाएवढं, काळं, वाटीसारखं. ते चाकाच्या आत बसतं आणि ब्रेकचं ऑइल अडवून धरतं. आमचा माल भोसरीच्या एका कारखान्यात जातो, तिथून मोटार कंपनीत. त्यातला बराचसा नव्या गाड्यांत बसतो, उरलेला कंपनीच्या नावाच्या चकचकीत डबीत भरून शोरूमला जातो. डबीवर आमचं नाव कुठेच नसतं. सासऱ्यांना, आबांना, त्याचं काही वाटत नाही. जमीन बिल्डरला दिल्यावर त्यांनी गाडी घेतली ती मुद्दाम त्याच कंपनीची. पारावर बसून ते सगळ्यांना सांगायचे, "आमच्या विश्वाच्या रबराबिगर तिचं चाक थांबत न्हाय."

फलटणला माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ खटपटी करून गुरुवारची मिळाली होती. एसटीत त्यांना बसवणं शक्यच नव्हतं. आबा म्हणाले, "एसटी कशाला? आपली गाडी हाय की."

सोमवारी सकाळी शंभू रांगत रांगत गाडीखाली गेला. मी पाय धरून ओढला तर तळहात तेलकट. अकरा महिन्यांचं पोर, हात थेट तोंडाकडे. मी तो पकडला आणि ह्यांना हाक मारली. विश्वजीतनं बाळाच्या तळव्याचा वास घेतला आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसला.

"ब्रेकचं रबर गेलंय. साबणानं धू त्याचे हात, दोनदा."

शंभूला घेऊन आम्ही दोघं सिंहगड रोडच्या शोरूममध्ये गेलो. काउंटरवरच्या टाय घातलेल्या माणसानं कॉम्प्युटरवर बघितलं.

"स्टॉक नाही. आठ-दहा दिवस लागतील."

"एवढ्याशा रबराला?" मी विचारलं.

"मॅडम, कंपनीतून यावं लागतं. नव्या गाड्यांना आधी, मग आम्हाला."

"तो पार्ट मी बनवतो," विश्वजीत हळूच म्हणाला.

त्या माणसानं मान वर केली. "हो का? मग आम्हालाच पाठवा की लवकर. चार गिऱ्हाइकं अडलीयेत."

शंभू खिदळला. त्याला त्या माणसाचा टाय हवा होता.

घरी येऊन ह्यांनी भोसरीला फोन लावला. तिथे माल घेणारे सीताराम देशमुख. माणूस वाईट नाही, बारशाला आले होते. फोनमधला त्यांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "विश्वजीतराव, साचा कोणाचा? कंपनीचा. त्यातून निघालेला नग बाहेर गेला तर उद्या टेम्पो लावून साचा उचलतील. माझी नोकरी जाईल ती वेगळीच."

"साहेब, माझ्याच गाडीला हवंय. दोन नग."

"आज दोन, उद्या नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या बाजारात दोनशे. असं कंपनीवाले म्हणतात, मी नाही म्हणत."

विश्वजीतनं फोन ठेवला. आबा उंबऱ्यात उभे होते.

"आरं, त्याच्या काय पाया पडतोस? शेडात चार पेट्या भरल्यात की. काढ त्यातलं, बसव."

"आबा, तो होल्डचा माल आहे."

"म्हंजी?"

म्हणजे अडवून ठेवलेला. रबराचा कच्चा माल या वेळी नव्या ठिकाणाहून आला होता. भोसरीवाल्यांनी नमुने नेले होते. ते ब्रेक ऑइलमध्ये बुडवून, तापवून बघतात. निकाल येईपर्यंत पेट्या आमच्याकडे, वर लाल चिकटपट्टी. कधी पास होतात, कधी नापास. का नापास, ते कोणी सांगत नाही. पास झालेलं एकही घरात राहत नाही, सगळं मोजून द्यावं लागतं. हे सगळं विश्वजीतनं आबांना समजावलं.

आबांनी शेडमध्ये जाऊन पेटीतलं एक रबर काढलं. बोटांत दाबलं, उजेडात धरलं. "ह्यात खोट काय हाय?"

"काही नसेल."

"मग?"

"मला माहीत नाही, आबा."

"तू केलंस, आन् तुला म्हाईत न्हाय?"

"बघून कळत नाही. तपासायचं मशीन त्यांच्याकडे आहे."

आबांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. त्या नजरेपुढे मला पदर आडवा धरावासा वाटला, शंभूला ऊन लागू नये म्हणून धरते तसा. मग ते म्हणाले, "लोकांच्या गाड्यांत जातं त्ये चालतं. आन् आपल्या पोराला गाडीत बसवायचं म्हटल्यावर माल होल्डचा."

तसं नव्हतं. लोकांच्या गाड्यांत जातं ते तपासलेलंच. पण आबांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता आलं नसतं.

गॅरेजवाला भैरू म्हणाला, "दादा, नाना पेठेतलं टाकू. सेम टू सेम, फक्त डबी न्हाय." विश्वजीत मंगळवारी जाऊन आला, हात रिकामे.

"नव्हतं?" मी विचारलं.

"होतं. आपल्याच साच्यातलं वाटलं."

"अहो, मग घ्यायचं ना!"

त्यानं शंभूला मांडीवर घेतलं. त्याची बोटं एकेक करून उघडत राहिला. "नापास झालेला माल भोसरीवाले नेऊन कापून टाकतात म्हणे. मी कधी बघायला गेलो नाही."

"सांगा ना मग सीतारामसाहेबांना."

"काय सांगू? पुढच्या महिन्याची ऑर्डर त्यांच्याच सहीनं येते."

कुकरची शिट्टी झाली, मी उठले.

बुधवारी आबा कुणाशी न बोलता बाहेर गेले आणि शेजारच्या हिंदुराव पोकळ्यांची गाडी ठरवून आले. आमचीच कंपनी, आमचंच मॉडेल. आमच्या गाडीवर त्यांनी ताडपत्री घातली, चारी बाजूंनी दगड ठेवले. त्या संध्याकाळी ते पारावर गेले नाहीत.

गुरुवारी पहाटे निघून आम्ही फलटण गाठलं, गाडी हिंदुराव स्वतःच चालवत होते. माझ्या बाबांनी डाव्या हाताने शंभूचं डोकं चाचपलं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोघांनी उचलून त्यांना मागच्या सीटवर ठेवलं, माझ्या खांद्याशी. जेजुरी, सासवड मागे पडलं आणि गाडी दिवे घाटाच्या तोंडाशी आली. खाली हडपसरपर्यंत नव्या इमारतीच इमारती. हिंदुराव मजेत होते.

"घाबरू नका वहिनी. माझ्या गाडीला सगळं ओरिजनल. शोरूमशिवाय मी काही टाकत नाही. काय विश्वजीत, तुझा तर धंदाच हा. फरक असतोच ना?"

"असतो," विश्वजीत म्हणाला.

"काय असतो, सांग की वहिनींना."

पुढे एक ट्रक वळणावर रेंगाळत होता. हिंदुरावांनी गाडी तशीच जाऊ दिली, अगदी जवळ गेल्यावर ब्रेक दाबला. गाडी थांबली, छान थांबली. पण त्याच्या कितीतरी आधी, डावीकडच्या सीटवर बसलेल्या माझ्या नवऱ्याचा उजवा पाय खालच्या मॅटवर रोवला गेला होता, टाच उचललेली, गुडघा ताठ.

पुढच्या वळणालाही तसंच. त्याच्या पुढच्याही. मी एका हाताने बाबांना सावरलं होतं, दुसऱ्याने शंभूला, त्यामुळे विश्वजीतच्या खांद्यावर ठेवायला माझ्याकडे हात उरला नव्हता.