घटातलं मीठ

लग्नानंतरचं माझं पहिलं नवरात्र एकाहत्तर सालचं. कोपरगावपासून बैलगाडीच्या वाटेवर आमची वस्ती होती. सासूबाईंचं नाव आक्काबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांच्या घरची रीत अशी, की घटाची माती नव्या सुनेनं आणायची, आणि तीही सगळ्यात चांगल्या रानातून. आमचं चांगलं रान म्हणजे पाटाखालचा तुकडा. तिथल्या उसाचं कौतुक माझे सासरे, सूर्यभानमामा, येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. मी पाटीभर माती आणली, चाळली, पत्रावळीवर पसरली. तिच्यात गहू, हरभरा, ज्वारी, सातू असं मिसळून पेरलं आणि मधोमध पाण्यानं भरलेला घट ठेवला. रोज अंघोळ करून मातीवर विहिरीचं पाणी शिंपडायचं कामही माझंच.

घटाचं धान दाट आलं तर घराला वर्ष चांगलं जातं, हे आमच्याकडं सगळेच मानायचे. आमच्या घटात तिसऱ्या माळेला सातूची हिरवी टोकं दिसली. बाकी काहीच नाही. हळूच उकरून पाहिलं तर हरभरा फुगून मऊ पडलेला. थोडा गहू उगवला, तो पिवळा, आणि लगेच मान टाकून बसला. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी जास्त शिंपडलं. तर मातीवर पांढरी साय धरली.

शेजारच्या वस्तीवरच्या लंकाबाई आरतीला आल्या होत्या. त्यांनी वाकून ती पांढरी माती चिमटीत घेतली, जिभेला लावली आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, "आक्काबाई, देवीला खारं कवापासून चालाया लागलं? तुमच्या सूनबाईच्या हाताला चव लई दिसती."

आत्याबाईंनीही चाखून पाहिलं. घटात मीठ टाकणं म्हणजे घराचं वाईट चिंतणं, आणि मिठाची बरणी तर माझ्याच हाताखाली. त्या ओरडल्या नाहीत. दसरा झाला की मामा मला घोडेगावला माहेरी पोचवून येतील, एवढंच म्हणाल्या. परत आणायला कोण येईल ते बोलल्या नाहीत. अशी पाठवलेली एक मुलगी माझ्या माहेरच्या गावात होती. ती अजून भावाच्याच घरी दळत होती. आमच्या ह्यांनी आईपुढं तोंड उघडलं नाही.

मी टाकलं नव्हतं. पण दिवसभर विचार करून करून माझंच मला खरं वाटेना. कालवणाचा हात न धुता शिंपडलं का? बरणी उघडी राहिली का? आणि मीच टाकलं असेल, तर सातू कसा मेला नाही? त्याच मातीत, तेच पाणी पिऊन तो सरळ उभा होता. खालचं पान तेवढं वाळलं होतं, वरचं हिरवंगार. मला उलगडा होईना, आणि विचारायचं तरी कुणाला?

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई स्वतः पाणी घालू लागल्या. मला देवघराच्या उंबऱ्याशीही येऊ देत नव्हत्या. तरी पांढरं वाढतच गेलं. आता त्याही बावचळल्या. पाणी घालायच्या, चाखायच्या, पुन्हा घालायच्या. शेवटी मामा म्हणाले, माती जिथनं आणली तिथं तरी जाऊन बघा.

आम्ही तिघं पाटाखाली गेलो. बाहेरून ऊस उंच होता, म्हणून कुणी आत शिरून बघितलं नव्हतं. आत मधोमध ऊस खुजा, पिवळा, आणि त्याच्या बुडाशी तीच पांढरी साय. आत्याबाई खाली बसल्या आणि त्यांनी रानाची माती चाखली. जवळच बांधाला घोळीची भाजी जाड, तुकतुकीत पानांनी पसरली होती. मी एक पान चावलं. ते खारट लागलं. मी दुसरं पान त्यांच्या हातावर ठेवलं.

"हिनं मीठ पोटात ठिवलंय," त्या चावता चावता म्हणाल्या. "आन् वर हसतीया."

पुढं कितीतरी वर्षांनी शेतकी खात्याच्या माणसानं आम्हाला सांगितलं, की पाटाच्या पाण्यानं जमिनीच्या पोटातलं मीठ वर येतं. काही झाडं ते मुळाशीच अडवतात, काही जुन्या पानात कोंडून ते पान वाळू देतात. त्या दिवशी मात्र आम्हा तिघांना काहीच कळत नव्हतं. ज्या पाण्यानं घर वर आलं, तेच पाणी रान कसं खाईल, असं मामा पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

दसऱ्याला घट उठवला. सातूचे तुरे मूठभरसुद्धा नव्हते. आत्याबाईंनी देवाला वाहिले, मामांच्या पटक्यात खोवले, ह्यांच्या टोपीत खोवले. मी दाराशी माझं गाठोडं बांधून बसले होते. त्या आल्या, उरलेला तुरा माझ्या अंबाड्यात खोचला आणि गाठोडं पायानं बाजूला सारलं.

"दिवाळीला तुझा भाऊ न्यायला आला म्हंजी जा," त्या म्हणाल्या. "भाऊबीज झाली की ह्यो येईल आनाया."

मग आत वळून रिकाम्या पत्रावळीकडं बघत थांबल्या.

"पर मनकर्णे, मग रानात मीठ टाकलं तरी कुनी?"

मी डोक्यावरचा तुरा चाचपला. मलाही तेच विचारायचं होतं.