दर मिनिटाला एक खूण

जलशुद्धीकरण केंद्राच्या मुख्य अभियंत्यांचा डोळ्यांना न दिसणाऱ्या कामावर विश्वास नव्हता. पदभार स्वीकारताच त्यांनी सर्व खोल्यांची लाकडी दारे काढून काचेची बसवली, भांडारपालाचे टेबल मांडण्यांच्या मागून उचलून व्हरांड्यात आणले, आणि जमिनीखालून जाणाऱ्या नळांकडे तर ते कायम संशयानेच पाहत असत. अशा गृहस्थांना एके दिवशी कळले की, आपल्याच केंद्रातील एक प्रोग्रॅम कित्येक वर्षे पडद्यामागे बसून काम करतो आहे.

"पडद्यामागे म्हणजे नेमकं कुठे?" त्यांनी सिस्टिम मॅडमना विचारले. केंद्रातील संगणकांची व्यवस्था या एकट्या बाई सांभाळत.

"साहेब, हा नोंदी ठेवणारा डीमन आहे, म्हणजे न दिसता सतत चालू राहणारा प्रोग्रॅम," मॅडम म्हणाल्या. "पंप, क्लोरीनची टाकी, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं, सगळी त्याच्याकडे निरोप पाठवतात. तो ते आल्याच्या वेळेसह फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्याला सुरू करण्याच्या आज्ञेला मी डॅश आर हा ऑप्शन जोडलाय, म्हणून बाहेरच्या यंत्रांचंही तो ऐकतो. एरवी त्यानं फक्त स्वतःच्या संगणकाचं ऐकलं असतं."

"ते ठीक. पण चालू आहे कशावरून?"

मॅडमनी चालू प्रोग्रॅमांची यादी पडद्यावर आणली आणि त्यातील त्याच्या नावावर बोट ठेवले.

"हे नाव झालं हो. हजेरीपटावर आमच्या ड्रायव्हरचंही नाव असतं."

साहेबांनी त्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका मागवून घेतली आणि दोन दिवस ती काखेत घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना डॅश डी सापडला होता. हा ऑप्शन दिला की डीमन पडद्यामागे जात नाही. संगणकावर समोर उघडलेल्या खिडकीतच राहतो आणि जे जे करील ते ते पडद्यावर छापत जातो.

"पण साहेब, तो दोष शोधण्यापुरता वापरायचा असतो," मॅडम म्हणाल्या.

"आपण रोज दुसरं काय करतो?"

"आणि मग तो त्या खिडकीला बांधला जातो. खिडकी बंद झाली, की तोही गेला."

"मग बंद करू नका. सोपं आहे."

त्या दिवसापासून पडद्यावर ओळींचा पूर लोटला. डीमन कोणती फाइल उघडतो, कोणाचा निरोप घेतो, तो कुठे टाकतो, सगळे धो धो वाहू लागले. त्यांतील एक ओळही साहेबांना कळत नव्हती; त्यामुळे त्यांच्या समाधानात कोणताही व्यत्यय आला नाही. भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला ते प्रथम गाळण हौद दाखवत आणि नंतर ही खिडकी. अशाच एका पाहुण्याला समजावून सांगण्याच्या भरात त्यांनी माऊस असा फिरवला की खिडकीच मिटली. डीमन गतप्राण झाला. दुपारी तीन नंबरचा पंप बंद पडला, तो का पडला याची कुठेही नोंद नव्हती, आणि बोलणी मात्र पंपावरच्या मामांना खावी लागली.

चूक कोणाची याची चौकशी झाली नाही. ती पुन्हा होऊ नये याची व्यवस्था मात्र तत्परतेने झाली. खिडकीसमोर एक खुर्ची ठेवण्यात आली आणि मॅडमनी ती सोडू नये असा लेखी आदेश निघाला.

पुढच्याच आठवड्यात मॅडमच्या ताईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली. ताई दुसऱ्या गावी एकटीच राहत होती. आई गेल्यावर मॅडमची वेणी घालण्यापासून फी भरण्यापर्यंत सारे तिनेच केले होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी तिच्या उशाशी आपण असलेच पाहिजे, याविषयी मॅडमच्या मनात दुसरा विचार नव्हता. त्यांनी रजेचा अर्ज दिला.

"जा की! नाही कोण म्हणतंय?" साहेब उदारपणे म्हणाले. "फक्त खिडकीसमोर कोण बसणार, तेवढं सांगा."

"मी बसतो," दारातून मामा म्हणाले. "नाहीतरी बोलणी खायची आहेतच, बसून खाईन."

"तुम्ही पंपापाशी दिसायला हवं."

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"येतेयस ना गं?"

"बघते. साहेब म्हणतात खिडकी सोडू नका."

"अगं, तुझी खिडकी आहे का दागिन्यांचं दुकान? नको येऊस मग. खडे डॉक्टर काढणार, तू येऊन काय करणार? मोजणार?" ताई हसली. मग जरा थांबून म्हणाली, "नाही म्हणजे, जमलं तर ये."

जन्मात कोणापुढे "जमलं तर" न म्हटलेल्या ताईच्या तोंडचे ते दोन शब्द मॅडमच्या काळजात रुतले.

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आत मॅडमनी डॅश डी काढून टाकला. डीमनला पूर्वीसारखा पडद्यामागे पाठवला, आणि समोरच्या खिडकीत केवळ नोंदींच्या फाइलचे शेपूट, म्हणजे शेवटच्या काही ओळी, दिसत राहील अशी आज्ञा देऊन ठेवली. नवी नोंद झाली की ती तिथे उमटेल. खिडकी मिटली तरी डीमनच्या केसालाही धक्का लागणार नाही.

साहेब आले आणि खिडकीसमोर थबकले. एक ओळ उमटली. नंतर बराच वेळ काहीच नाही.

"बंद पडलंय."

"नाही साहेब. काही घडलं नाही, म्हणून काही लिहिलं नाही."

"मग काही घडलं नाही, हे लिहायला नको?"

मॅडमनी माहितीपुस्तिकेचे पान उलटले. "आहे, तीही सोय आहे. डॅश एम. लिहिण्यासारखं काहीच नसेल, तर तो ठरावीक वेळाने नुसती एक खूण टाकतो. मी आहे, एवढंच. एरवी वीस मिनिटांनी टाकतो."

"वीस मिनिटं? तेवढ्यात आमचे लोक दोनदा चहा पिऊन येतात! एक करा."

मॅडमनी डॅश एम आणि पुढे एक असे लिहून डीमन पुन्हा सुरू केला. मिनिटाभराने खूण उमटली. आणखी मिनिटाभराने दुसरी. साहेबांच्या मुद्रेवर, नातवाचे पहिले पाऊल पाहावे तसे कौतुक पसरले.

"आता खिडकी बंद करून दाखवते," मॅडम म्हणाल्या. साहेबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. खिडकी मिटली, पुन्हा उघडली. मधल्या खुणा जागच्या जागी होत्या. साहेबांचा जीव भांड्यात पडला आणि त्याच भरात अर्जावर सही झाली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ताईला आत नेले. मॅडम बाहेरच्या बाकावर बसतात न बसतात तोच फोन वाजला.

"मॅडम, घात झाला! खुणा थांबल्या!"

मॅडम ताडकन उठल्या. "पडदा पूर्ण थांबलाय का?"

"नाही, बाकी ओळी भराभर येतायत. पंप तीन, पंप तीन, तापमान, असलं काहीतरी. पण खूण एकही नाही!"

"साहेब, दुसरं लिहायला असलं की तो खूण टाकत नाही! पंप तापतोय. मामांना पाठवा आधी, पंप बंद करायला सांगा!"

"ते बघू हो. आधी खुणा कशा सुरू करायच्या ते सांगा. मुख्यालयाचे लोक येतायत आज. तुमच्याशिवाय जमणार नसेल, तर रजा रद्द करून तुम्हाला दुपारपर्यंत हजर व्हावं लागेल."

मॅडमनी समोरच्या बंद दाराकडे पाहिले, फोन ठेवला आणि लगेच मामांना लावला.

"मामा, तीन नंबर..."

"वासावरूनच कळलं. बंद करतोच आहे," पलीकडच्या खडखडाटातून मामा ओरडले. "बेअरिंग गेलंय. वर साहेब काचेतून हात करतायत. काय म्हणतायत?"

"तुम्ही पंपापाशी दिसताय का, ते बघत असतील."

पंप थांबला. पंपाची तक्रार थांबली. लिहिण्यासारखे काही उरले नाही, तशी डीमनने इमानेइतबारे खूण टाकली.

"आल्या! आल्या परत!" साहेबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. "काय केलंत तुम्ही तिथून?"

"मी काहीच केलं नाही, साहेब. मामांनी..."

"विनय पुरे. मुख्यालयाचे लोक बघून थक्क झाले. दर मिनिटाला एक! म्हणाले, इतकं सातत्यानं काम दुसऱ्या कुठल्याच केंद्रात होत नाही. आता ही पद्धत मी सगळ्यांनाच लावणार आहे. प्रत्येकानं दर तासाला 'आहे' असा निरोप पाठवायचा. तुमची रजा चालू राहू द्या, मात्र तिथूनही पाठवत चला."

"हो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी 'आहे' असे टाइप केले, पाठवले, आणि फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

दुपारी ताईला बाहेर आणले. भूल पुरती उतरली नव्हती. ओठ कोरडे होते आणि डोळे मिटलेले. मॅडमनी तिचा हात हातात घेतला.

"आहेस का गं?" ताई पुटपुटली.

"आहे."

ताई पुन्हा गुंगीत गेली. थोड्या वेळाने तिची बोटे हलली.

"आहेस?"

"आहे गं. झोप तू."

खिडकीबाहेर उन्हे कलली. ताई पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि मॅडम दर वेळी सांगत राहिल्या. दुसरे काहीच घडत नव्हते.