एका हाताची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. मला हात एकच, उजवा. डावीकडे नुसती दोन भोके आहेत. येणारे-जाणारे हळहळतात. पण मित्रांनो, मी मोडलेली नाही.

आधी मी एका शाळेचा दरवाजा होते. शाळा पाडली तेव्हा सुताराने मला उचलून आणले, खिळे उपटले, रंधा मारला. तो अबोल, पण कामाला चोख. अर्धवट काम गिऱ्हाईकाच्या हाती द्यायचे नाही, हा वडिलांचा नेम तोही पाळत होता.

एके दिवशी दुकानात परग्रहावरची एक बाई आली. त्या वर्षी त्यांच्यातले दहा-पंधरा जण आपल्या हवेचा अभ्यास करायला गावात राहिले होते. तिचे गुडघे मागच्या बाजूला वळत.

"आठ महिने उभीच आहे," ती म्हणाली. "बसायला काहीतरी करून द्याल?"

सुताराने मापे घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. दोन महिने ती रोज संध्याकाळी यायची, अर्ध्यामुर्ध्या माझ्यावर बसून बघायची आणि तिकडच्या गोष्टी सांगायची. सुताराची थोरली बहीण आतून ओरडायची, "अरे, खुर्ची करतोयस की राजवाडा?"

त्या लोकांची पाठ आनंदात गरम होते. हे सगळ्यांत आधी मला कळले. तिची पाठ माझ्या फळीला तव्यासारखी लागायची.

सुतारालाही मनातले बोलायचे होते. पण आधी काम पुरे करू, असे त्याने ठरवले. त्याने दोन्ही हात बसवले, पॉलिश चढवले आणि मला डोक्यावर घेऊन तिच्या खोलीवर गेला.

"घ्या, झालं काम. कुठे काही बाकी ठेवलं नाही."

ती बसली. तिची पाठ गार पडली.

"बरं, समजलं," एवढेच ती म्हणाली. सुतार मनातले मनातच ठेवून परतला. तिने रविवारी परत जाणाऱ्या यानात आपले नाव घातले.

शनिवारी त्याची बहीण तिच्या दारात उभी राहिली. "काय गं, खुर्ची टोचते का? तिकडे त्याने अन्नपाणी सोडलंय."

"टोचत नाही, ताई. पुरी झाली, म्हणून जातेय. आमच्यात ज्याला पुन्हा भेटायचं, त्याचं काम थोडं बाकी ठेवतात. पुरं करून दिलं, म्हणजे आता येऊ नकोस."

"अगं बाई! आणि आमच्यात अर्धवट काम देणाऱ्याला शिव्या बसतात!"

ताई तशीच पळत गेली. थोड्या वेळाने सुतार धापा टाकत आला. त्याने पटाशी लावली, हातोडी मारली आणि माझा डावा हात उखडून तिच्या पुढ्यात धरला. मला लागले, खोटे कशाला सांगू?

"हा बाकी आहे."

"कधी बसवशील?"

"कधीच नाही."

ती मटकन माझ्यावर बसली, आणि माझे नवे पॉलिश तिच्या पाठीला चिकटले, इतकी ती तापली होती.

एकतीस वर्षे त्यांनी संसार केला. मागच्या थंडीत सुतार गेला. तिच्या लोकांत माणूस गेले की राहिलेले काम पुरे करतात. तिने कपाटावरून माझा हात काढला, फडक्याने पुसला, भोकांशी नेला. पुष्कळ वेळ तसाच धरला. मग पुन्हा कपाटावर ठेवला आणि येऊन माझ्यावर बसली. पाठ गारच होती. पण बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांची धूळ पुसा, त्यांना ओल लागू देऊ नका. पण डागडुजीला हात घालण्याआधी घरातल्या माणसाला एकदा विचारा. माझा हात कपाटावर आहे. तो तिथेच असू द्या.