वाजवून घेतलेला वस्तरा

जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये, सुऱ्या-वस्तऱ्यांच्या गावात, जन्मलेल्या माणसाने भिकार पातं विकत घ्यावं, याहून मोठी नामुष्की आमच्या गावात नाही. ती मी ओढवून घेतली, सोळाव्या वर्षी, रविवारच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, अगदी मान ताठ ठेवून.

वस्तरा हवा होता ओपासाठी. ओपा म्हणजे माझ्या आईचा बाप, एवाल्ड रौटेनबाख. एकेचाळीस वर्षं त्याने वुपर नदीकाठच्या कारखान्यात वस्तऱ्यांची पाती घासली आणि रोज सकाळी सहाला त्यातल्याच एकाने स्वतःची दाढी केली. रविवारीही. आजारी असतानाही. आजीला पुरलं त्या दिवशीही. मग त्याची आठवण जायला लागली, आईने त्याला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवलं, आणि घर रिकामं करताना वस्तऱ्यांची पेटी भंगारवाल्याच्या गाडीत गेली. आईला दोष देत नाही. तेव्हा ती रात्रंदिवस रडत आणि खोकी बांधत होती.

आश्रमात दाढीला विजेचं मशीन. ते भुणभुणायला लागलं की ओपा हात उगारायचा. दोनदा सेल्माला, म्हणजे तिथल्या परिचारिकेला, लागलंही. शेवटी त्यांनी नाद सोडला. दाढी वाढली, पांढरी, छातीपर्यंत. आणि मग आरशाचं सुरू झालं.

"त्याला बाहेर काढा," ओपा म्हणायचा. "तो दाढीवाला. सारखा माझ्याकडे बघतो."

सेल्माने आरशावर टॉवेल टाकला. तरी ओपा टॉवेलाकडे पाठ करून बसायचा, कारण दाढीवाला मागे उभा आहे हे त्याला ठाऊक होतं.

मला वाटलं, सोपं आहे. दाढी काढली की ओपा आरशात ओपाला भेटेल. मी नुकतीच वर्गात हात वर न करता बोलायला लागले होते, त्यामुळे त्या दिवसांत मला सगळंच सोपं वाटायचं.

बाजारात ऑसेनब्यूलबाईंचं टेबल होतं. सत्तरी ओलांडलेल्या, बोटं जाड, नाकावर चष्मा. वडील, भाऊ, नवरा, सगळे पातं घासणारे. स्वतः बाईंनी तीस वर्षं पात्यांना शेवटची धार लावलेली. मी सगळ्यात चकचकीत वस्तरा उचलला. हस्तिदंतासारखी मूठ, पात्यावर सोनेरी वेलबुट्टी.

"वाजवून घेतलास?" बाईंनी विचारलं.

काय वाजवायचं ते मला ठाऊक नव्हतं. पण रौटेनबाखांच्या नातीने हे विचारायचं कसं? म्हटलं, "हो तर. मघाशीच."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं. तू म्हणतेस तर."

दुपारी वस्तरा ओपाच्या मांडीवर ठेवला. तीन आठवड्यांत तो "नको" आणि "बाहेर" यापलीकडे काही बोलला नव्हता. त्याने वस्तऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातांचं काहीतरी झालं. जे हात चमचा धरताना सूप सांडायचे, त्यांनी दोन बोटांत वस्तरा उघडला, कानाशी नेला आणि अंगठ्याच्या नखाने पात्याची कड अलगद छेडली.

टक्.

"मेलंय," ओपा म्हणाला.

"कोण मेलंय?"

"पातं. मुठीकडे चीर आहे. केसाएवढी. चेहऱ्याला लावू नका." त्याने ते मिटून परत दिलं. "कुणी घेतलं हे?"

"मी."

"कुणाची तू?"

"रौटेनबाखांची."

"लाज आणलीस."

मला इतका आनंद झाला की मी त्याचा गालच चावला असता. किती महिन्यांनी तो मला रागावला होता.

पुढच्या रविवारी मी मान खाली घालून बाईंकडे गेले. त्यांनी नख मारलं. टक्.

"वाजवलंस म्हणाली होतीस."

"खोटं बोलले."

"ते तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, बघू या, परत येते का." त्यांनी आठ वस्तरे उघडून ओळीने मांडले. "डोळे मीट. नाहीतर पुन्हा सोन्यालाच भुलशील."

मी डोळे मिटले आणि त्या एकेक पातं छेडत गेल्या. काही ठणठणली, काही कुरकुरली. सहावं गायलं. बारीक, लांबच लांब, बाजाराच्या गोंगाटातही संपेचना. डोळे उघडले तर सगळ्यात कुरूप तेच: काळी शिंगाची मूठ किड्यांनी खाल्लेली, पाठीवर गंजाचे ठिपके, पातं झिजून अर्धं राहिलेलं.

"हेच ना?" बाई हसल्या. "इतकं पातळ घासायला छाती लागते. एक श्वास जास्त झाला की पातं फुकट. दाढी कुणाची करायचीय?"

मी सांगितलं. त्यांनी वस्तरा मिटला. मग म्हणाल्या, "एवाल्डची? मग शिकूनच कर. मंगळवारी घरी ये. फुगे आण."

फुगे कशाला, तर त्यांना साबणाचा फेस लावून वस्तऱ्याने खरवडायचे. फुटला की मेला. पहिल्या दिवशी मी अकरा मारले. चामड्याच्या पट्ट्यावर पातं फिरवताना पाठ पुढे हवी आणि धार मागे. मी उलटं फिरवलं आणि बाईंच्या वडिलांचा पट्टा कापला. त्यांनी कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं फक्त. मग माझ्याच पोटरीवरचे केस. मग एका संध्याकाळी त्या स्वतःच खुर्चीत बसल्या आणि हनुवटी वर केली.

"बघतेस काय? म्हातारपणी आम्हालाही येतात. सात केस आहेत. रक्त न काढता काढलेस तर पास."

सहा केस निघाले आणि एक थेंब रक्त.

"चालेल," बाई म्हणाल्या. "मी काही एवाल्डइतकी मऊ नाही."

या सगळ्यात पाच आठवडे गेले, आणि तेवढ्यात ओपा आणखी स्वतःच्या आत गेला. तो खाईना. त्याची आवडती काळी भाकरी, लोणी, धुरावलेलं सॉसेज आणि कांदा लावून नेली, तर त्याने ती खिशात ठेवली. एक आठवडा आधी शिकले असते तर, असं तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

ऑक्टोबरच्या एका रविवारी आईने त्याचे हात हातात धरले. सेल्मा म्हणाली, "मी अर्धा तास जेवायला जातेय. मला काही दिसलेलं नाही," आणि दार लावून घेतलं. मी आधी कात्रीने दाढी उतरवली, गरम टॉवेल ठेवला, फेस केला. वस्तरा उघडला तसा ओपाचा खांदा ताठ झाला. मला मशीन आठवलं, तो उगारलेला हात आठवला. काय करावं सुचेना, म्हणून मी पातं त्याच्या कानाशी नेलं आणि छेडलं.

ते गायलं.

ओपाने ऐकून घेतलं, शेवटपर्यंत. मग स्वतःहून हनुवटी वर केली आणि ओठ डावीकडे ओढून गाल ताणून धरला, साठ वर्षं रोज सकाळी सहाला धरायचा तसा. आईने त्याचे हात सोडले आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

फेसाखालून हळूहळू तो बाहेर आला. गाल इतके बसलेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. हनुवटीखालची जुनी खूण तेवढी जागच्या जागी होती. एकदाही रक्त आलं नाही.

मी आरशावरचा टॉवेल ओढला आणि त्याला समोर नेलं. ओपाने बराच वेळ पाहिलं. मग त्याने मान लववली, अनोळखी सभ्य माणसापुढे लववतात तशी.

"नमस्कार," तो आरशाला म्हणाला. "दाढी छान झालीय तुमची. कुणी केली?"

आई खोलीबाहेर निघून गेली.

"मी केली," मी म्हटलं.

ओपा माझ्याकडे वळला. "कुणाची तू?"

"रौटेनबाखांची."

"हं. मग हात बरा असणारच." आणि आरशाकडे बोट करून हळूच म्हणाला, "त्यांना कॉफी द्या. किती वेळचे उभे आहेत."

टॉवेल पुन्हा टाकावा लागला नाही. सेल्मा सांगायची, रोज सकाळी तो पाहुण्याला नमस्कार करतो. एका बुधवारी तक्रार केली म्हणे, पाहुण्यांची दाढी वाढलीय, त्यांची ती मुलगी येत नाही का? तेव्हापासून मी शाळा सुटल्यावर बुधवारीही जायला लागले. रविवारी आणि बुधवारी. आधी कानाशी पातं, मग हनुवटी वर.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या बुधवारी सेल्मा मला जिन्यातच भेटली. ओपा गेला, हे तिने सांगायची गरज नव्हती. आई वाटेत होती. "थांबतेस का तिची वाट बघत?" सेल्माने विचारलं. मी म्हटलं, आज बुधवार आहे.

पाणी गरम केलं, फेस केला. वस्तरा उघडून सवयीने त्याच्या कानाशी नेला आणि छेडला. सूर संपेपर्यंत थांबले. मग दोन बोटांनी त्याची हनुवटी मीच वर केली.