न ढवळण्याची परीक्षा

एवढं एक पातेलं जमलं, तर जावईबापूंना मिश्रणखोलीची किल्ली मिळणार होती. किल्लीबरोबर सासऱ्यांच्या ‘ठेवा ते खाली, मी बघतो’ या वाक्यापासून कायमची सुटका. शिवाय ‘भावजी, आज काय सांडलं?’ असं रोज जेवताना विचारणाऱ्या मेव्हणीचंही तोंड बंद. सौदा फायद्याचा होता. अडचण एवढीच, की काम हात न लावण्याचं होतं.

सासऱ्यांचं औषधांचं दुकान. मागच्या खोलीत ते खाजेवरचं गुलाबी लोशन स्वतः बनवत. त्याचा सगळा जीव बेंटोनाइट नावाच्या मातीत. तिचे कण इतके बारीक, की ना विरघळतात, ना तळ गाठतात. पाणी पिऊन फुगतात आणि गुलाबी भुकटीला अधांतरी तोलून धरतात.

“गरम पाण्यावर भुरभुरवा आणि हात मागे बांधून उभे राहा,” गावाला निघताना सासरे म्हणाले. “उद्या येऊन बघतो. ढवळायचं नाही, जावईबापू.”

“मामा, मी औषधशास्त्राचा पदवीधर आहे.”

“म्हणूनच सांगतोय.”

माती पाण्यावर पसरून बसली. जावयानं बाटल्या धुतल्या, धुतलेल्या पुन्हा धुतल्या, पातेल्याभोवती चकरा मारल्या, वाकून पाहिलं. माती ढिम्म. त्याचे तळहात शिवशिवू लागले. शेवटी, नुसती कड सारखी करायला म्हणून, त्यानं पळी घातली. लगेच गोळे झाले. बाहेरून बुळबुळीत, आत कोरडे ठाक. ते फोडायला आणखी ढवळलं, तर गोळ्यांना पिल्लं झाली.

तेवढ्यात बायको आली, खांद्याला पर्स, हातात प्रमाणपत्रं. मोठ्या रुग्णालयाच्या औषधविभागात तिची मुलाखत होती.

“अहो, पळी घातलीत?”

“नुसती टेकवली गं.”

“टेकवलेल्या पळीनं एवढा संसार मांडला?”

तिनं पातेलं ओतून दिलं, नवं पाणी तापवलं, माती चिमटीचिमटीनं सोडली. एक थर भिजेपर्यंत दुसरा नाही. मग झाकण ठेवलं.

“आता जा तू. मी शांत बसतो,” तो म्हणाला. हे म्हणताना तो टेबलाला तिसरा वळसा घालत होता, आणि पळी अजून हातातच होती.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. पर्स खुंटीला अडकवली आणि पातेल्याजवळ स्टूल ओढलं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी पातेलं तिरपं केलं. आतलं हललं नाही. गदागदा हलवलं, तर पातळ होऊन खळखळलं. ठेवल्यावर हळूहळू पुन्हा थिजलं.

“वा, जावईबापू! हात आवरला म्हणायचा.” त्यांनी किल्ली काढून दिली आणि लेकीकडे वळले. “मुलाखत कशी झाली?”

“गेलेच नाही, बाबा.”

“ऐन वेळी कच खायची तुझी सवय काही जायची नाही.”

जावयाचं तोंड उघडलं. मुठीतली किल्ली त्यानं या हातातून त्या हातात घेतली, पुन्हा या हातात घेतली, आणि तोंड मिटलं.

किल्ली त्याला मिळाली, समाधान सासऱ्यांना. नोकरी हुकली ती तिची, आणि वर बोलणी खाल्ली तीही तिनंच.