सिस्टर रासमुसेन गाणार

खट्ट. निजलेल्या घरात कपडे वाळवायच्या ड्रायरचं बटण तेवढं वाजलं आणि पाठोपाठ त्याची घूं घूं सुरू झाली. जनेसाने धुण्याच्या खोलीचं दार लोटून घेतलं, गरम होत चाललेल्या पत्र्याला पाठ टेकली आणि ती गायला लागली.

ड्रायर चालू असला की तान्हा होल्डन उठत नाही, हे एक कारण. दुसरं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. होल्डनच्या जन्मानंतर तिचा आवाज तिला परक्यासारखा वाटायचा, मध्येच फाटायचा. पण ड्रायरची घरघर एका सुरात असते. तो सूर धरला, पाठीला ऊब लागली, की आवाज हळूहळू आपल्या जागेवर येऊन बसायचा.

रविवारी ईस्टर होता आणि चर्चच्या सभेत तिला एकटीने स्तोत्र गायचं होतं. चर्चचे बिशप बॅगली तसे टर्की पक्षी पाळणारे शेतकरी. आठवडाभर पक्ष्यांमागे आणि रविवारी टाय लावून गावाच्या सुखदुःखांमागे. "पोरांना गाणी शिकवतेस तेव्हा मी दाराबाहेर उभा असतो," ते तिला म्हणाले होते, "आता मोठ्यांनाही ऐकू दे." ती 'हो' म्हणून गेली, आणि घरी येऊन तिने एकच बशी तीनदा विसळली.

"एकदा तरी," ती नवऱ्याला म्हणाली, "लोकांनी मला माझ्या आवाजाने ओळखावं. ब्रिनची आई म्हणून नको, डॅलिनची बायको म्हणून नको."

"मी ओळखतो की," डॅलिन म्हणाला. "तू अंगणातून माझ्या नावाने ओरडतेस ना, शेजाऱ्यांची गुरंसुद्धा ओळखतात."

तिने ओला फडका त्याच्या अंगावर टाकला.

शनिवारी चर्च झाडायची पाळी त्यांच्याकडे होती. ती झाडायचं यंत्र ओढत आत गेली, तर सभागृह आणि मागचं बास्केटबॉलचं मैदान यांमधला घडीचा पडदा पार सरकवलेला, आणि पुरुष मंडळी थेट मागच्या बास्केटपर्यंत लोखंडी खुर्च्या मांडत होती. पियानोवाली म्हातारी लारू ओव्हरली पुसायचं फडकं खांद्यावर टाकून सगळ्यांना हुकूम सोडत होती.

"एवढ्या खुर्च्या कुणासाठी?" जनेसाने विचारलं.

"कुठल्या जगात असतेस गं? उद्या शायला येतेय."

कोण शायला, हे त्या खोऱ्यात विचारावं लागत नाही. शायला रासमुसेन. तिचे आजोबा इथेच मेंढ्या राखायचे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ती शेवटपर्यंत पोचली, आणि अंतिम फेरी रविवारी आहे म्हटल्यावर, रविवार देवाचा, त्या दिवशी मी अशा कामाला उभी राहत नाही, असं सांगून घरी निघून आली. जिंकली असती तर लोक खूश झाले असते. परत आली, म्हणून तिचा फोटो घराघरांतल्या फ्रिजवर जाऊन बसला, टेम्पलच्या, त्यांच्या पंथाच्या मोठ्या मंदिराच्या, फोटोशेजारी. मुली तिच्यासारखे केस कुरळे करून घेत. कुणी रुसून ताट सरकवलं की आया विचारत, शायलाने असं केलं असतं का? जनेसाच्याही फ्रिजवर ती होती.

"कोण म्हणालं ती येतेय?"

"बिशप स्वतः. गेल्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं ना, ईस्टरला सिस्टर रासमुसेन गाणार म्हणून. तिच्या आत्याला विचारलं, तर ती नुसती गालात हसली. म्हणजे आलंच लक्षात."

जनेसाने यंत्र बंद केलं. चर्चमध्ये सगळ्या बाया सिस्टर आणि सगळे पुरुष ब्रदर. पुढे आडनाव लावलं की झालं. आणि या खोऱ्यात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो एखाद्या रासमुसेनलाच लागायचा. डॅलिनशी लग्न झालं त्या दिवसापासून तीही त्यातलीच.

"लारू," ती म्हणाली, "ती सिस्टर रासमुसेन मी आहे."

लारू हसली. मग जनेसाचा चेहरा बघून थांबली. "अगं बाई. मी माझ्या भावाचं अख्खं घर बोलावलंय. पलीकडच्या गावाहून."

"मग उद्या तू कुणाच्या साथीला बसणार, असं वाटलं तुला?"

"शायलाच्या साथीला मी." लारू खुर्चीवर टेकली. "तरी म्हटलं, तिच्याकडून कुणाचा फोन कसा नाही."

बिशप आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान खाजवली. "मी बोललो ते खरंच बोललो. तू सिस्टर रासमुसेन नाहीस का?"

"आहे. पण ती नाही."

"हं." त्यांनी खुर्च्यांच्या रांगांकडे पाहिलं. "मग असं करू. उद्या मी उठून सांगतो, घोटाळा झाला. आपण सगळे मिळून एक स्तोत्र म्हणू. तुझी सुटका."

सुटका म्हणजे काय, ते तिला दिसलं. घरी जावं, होल्डनला छातीशी घ्यावं, आणि पुन्हा आयुष्यभर ड्रायरला पाठ लावून गावं. त्यात वाईट काहीच नव्हतं. कुणी तिला दोषही दिला नसता.

"नको," ती म्हणाली. "मी गाते. फक्त उद्या माझं नाव पूर्ण घ्या."

"पूर्ण म्हणजे?"

"जनेसा. रासमुसेनच्या आधी."

रविवारी शेवटच्या खुर्चीपर्यंत माणसं. मुलींचे केस कुरळे, बायकांच्या पर्समध्ये शायलाच्या सीडी. डॅलिन होल्डनला कडेवर घेऊन भिंतीशी, ब्रिन त्याच्या पायाशी. बिशप उठले, त्यांनी माईक वाकवला. "आता आपल्यासाठी सिस्टर जनेसा रासमुसेन गातील. आपल्याच गावच्या." त्यांनी टायची गाठ सारखी केली. "कुणाचा गैरसमज झाला असेल, तर तो माझ्यामुळे."

फुग्यातली हवा हळूच जावी तसा आवाज सभागृहातून निघाला. पहिल्या रांगेतल्या एका बाईने हातात काढून ठेवलेली सीडी गुपचूप पर्समध्ये ढकलली. उठून मात्र कुणी गेलं नाही; सभेतून उठून जाणं त्या लोकांच्या रक्तातच नाही.

लारूने सूर दिला. जनेसाने तोंड उघडलं आणि पहिली ओळ केसासारखी बारीक निघाली, शेवटच्या शब्दाला चिरली. मागे कुणीतरी खोकलं. एका लेकराच्या खाऊच्या डब्यातून चीरिओजचे दाणे जमिनीवर टपटपले. तिने डोळे मिटले. पाठीला तो गरम पत्रा आठवला. आधी आठवला, मग लागलाच. त्याची घूं घूं पोटात कुठेतरी सुरू झाली, आणि दुसरी ओळ त्या घरघरीवर पाय रोवून उभी राहिली.

तिसऱ्या ओळीला आवाज पडद्याच्या जागेपलीकडे गेला. मग मैदान ओलांडून बास्केटपर्यंत. लारू, जी कुणासाठी लय बदलत नाही, तिच्यामागे पोरीसारखी धावत निघाली. चीरिओजचं टपटपणं थांबलं. जनेसाला कळलं की हा तिचा जुना आवाज नाहीच, कॉलेजातला तो पातळ, गोड आवाज. हा रुंद होता. यात दोन बाळंतपणं होती, जागरणं होती, आणि तो कुणाकडूनही उसना घेतलेला नव्हता.

ती थांबली. सभेत टाळ्या वाजवत नाहीत. त्यामुळे आता नुसती शांतता, एवढ्या माणसांची, आणि तिला उतरून कुठे जावं ते सुचेना.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले म्हातारे ब्रदर व्हर्ल दचकून जागे झाले. दर सभेत ते झोपतात आणि प्रार्थना संपली की बरोबर जागे होतात. गाण्यानंतर आमेन म्हणायची रीत नाही. पण ती शांतता त्यांना प्रार्थना संपल्यासारखीच वाटली असावी. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "आमेन."

मग बिशप म्हणाले, "आमेन." आणि मग सगळं सभागृह, सगळं मैदान, मागच्या बास्केटखालची पोरंटोरंसुद्धा. असा आमेन त्या भिंतींनी ऐकला नव्हता. जनेसाने माईकची दांडी घट्ट धरून ठेवली आणि मान ताठ ठेवून तो पूर्ण ऐकला.

सभा सुटल्यावर तिच्याभोवती गर्दी जमली. लारूचा भाऊ तिचा हात सोडीना. मग ती पहिल्या रांगेतली बाई आली, सीडी आणि पेन पुढे करून.

"यावर सही कर."

"सिस्टर, ही शायलाची आहे."

"माहितीये. रासमुसेन छापलेलंच आहे. तू तुझं पहिलं नाव तेवढं आधी घाल." बाईने पेनाचं टोपण स्वतःच काढलं. "बायबल वाचते तसं चष्मा लावून वाचणार आहे, नीट अक्षरात लिही."

जनेसाने लिहिलं. जनेसा. एकेक अक्षर, सावकाश. डॅलिन भिंतीपाशी होल्डनला थोपटत उभा होता. त्याला काही विनोद सुचेना, हे तिने पाहिलं आणि मनात जपून ठेवलं.

ब्रिन तिच्या स्कर्टला येऊन बिलगली. "आई, मी रोज दाराला कान लावून ऐकायचे."

"झोपायचं सोडून?"

"हो. पण ड्रायरमुळे नीट ऐकूच यायचं नाही." ब्रिनने मान वर केली. "तू तो का लावायचीस?"

जनेसा खाली बसली, तिच्या कुरळ्या केलेल्या बटा कानामागे सारल्या, आणि म्हणाली, "आता नाही लावणार."