तळपायातून निघालेला गाळ

पाणी पिवळं पडलं तशी पुढच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवरून उठली. पिवळ्याचं तपकिरी झालं तेव्हा मागची माणसं खुर्च्यांवर चढली. आणि टबात तपकिरी चिंध्यांसारखा गाळ तरंगायला लागला, तेव्हा करमाडच्या त्या मंगल कार्यालयात अशी शांतता पसरली की तिथल्या एकाही लग्नात मंगलाष्टकांना ती कधी लाभली नसेल.

"हे काय आहे?" तेजोनाथ महाराजांनी माइकवर विचारलं. भगवा कुर्ता, वर निळं जॅकेट, गालाला चिकटलेला माइक.

"विष!" गर्दी ओरडली.

"कुठून आलं?"

"तळपायातून!"

"तळपायाला बहात्तर हजार दारं आहेत, माउली. डॉक्टर त्यातलं एक तरी दार उघडतो का? नाही. डॉक्टर काय करतो? भोक पाडतो!"

लोक हसले. महाराजांनी टबातलं पाणी पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून बादलीत गाळलं आणि फडकं वर धरलं. त्यावर चिखलासारखा थर बसला होता. "बघा. मूत्रपिंडात साचलेला गाळ. मशिनला वर्षभरात जे जमलं नाही, ते वीस मिनिटांत फडक्यावर आलं!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. फकिरा नावाचा एक म्हातारा पुढे येऊन फडक्याच्या पाया पडला. टबाशेजारी खुर्चीत बसलेली बाई ओले पाय पुसत लाजल्यासारखी हसत होती. ती माझी आत्या, द्वारकाबाई.

तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. वर्षभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी माझा आतेभाऊ कृष्णा तिला शहरात डायलिसिसला नेत होता. त्या शनिवारी सकाळी मला डायलिसिस विभागातल्या मंजुषा सिस्टरचा फोन आला. "तुमच्या आत्या मंगळवारी आल्या नाहीत, काल शुक्रवारीही नाही. मुलगा फोन उचलत नाही. त्यांना लघवी जवळजवळ होत नाही, हे त्याला माहीत आहे ना? आणखी दोन-चार दिवस गेले तर अवघड आहे." मी कामावरून तसाच निघालो आणि शोधत शोधत इथे पोचलो.

आता मी कोण, ते सांगतो. मी इंद्रजीत. शेंद्र्याच्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर चौदा वर्षं ऑपरेटर आहे. फडक्यावरचा तो थर मी लांबूनच ओळखला, कारण तो मी रोज फावड्याने उचलतो.

आमच्याकडे रंगाचं, तेलकट पाणी टाकीत येतं. टाकीत लोखंडी प्लेटा उभ्या असतात. त्यांना करंट दिला की लोखंड हळूहळू पाण्यात विरघळतं, त्याचे तपकिरी पुंजके होतात, पुंजके घाणीला धरतात आणि खाली बसतात. मग तो सगळा रबडा जाड कापडाच्या प्रेसमध्ये दाबायचा. पाणी कापडातून निघून जातं, गाळ मागे राहतो. यात दैवी काही नाही. प्लेटा झिजतात आणि बदलाव्या लागतात, एवढंच.

महाराजांच्या टबात कोमट मिठाचं पाणी होतं. त्यात दोन "सिद्ध दंड", भगव्या दोऱ्याने गुंडाळलेले. दोऱ्याखालून मला साध्या लोखंडी सळया दिसल्या. त्यांच्या वायरी एका अडॅप्टरला जोडलेल्या. तो गाळ आत्याच्या किडनीतला नव्हता, सळयांचा होता. गंज होता तो.

मी तिथेच कृष्णाला बाजूला घेतलं आणि हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण दादा, तूच तर दाखवलं व्हतं शाळंत."

खरं होतं ते.

दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला आमच्या शाळेने मला बोलावलं होतं. मी काचेच्या भांड्यात निळीचं पाणी घेतलं, दोन लोखंडी पट्ट्या सोडल्या, करंट दिला. पुंजके तयार झाले, खाली बसले, वर नितळ पाणी राहिलं. मग रुमालातून गाळून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी शाल दिली. मी छाती फुगवून सांगितलं, "बघा, करंटने पाण्यातली घाण बाहेर काढली." पट्टी विरघळते आणि त्या गाळात घाणीपेक्षा लोखंडच जास्त असतं, हे सांगायचं राहून गेलं. जेवायची वेळ झाली होती. ते अर्धं वाक्य माझ्या आळसापायी राहिलं. सगळा गाव ते बघून गेला होता आणि महाराज आले तेव्हा अर्धं काम मीच करून ठेवलं होतं.

"आणि डायलिसिसच्या नळीत पण चाळणीच असती, हे बी तूच म्हणाला व्हता," कृष्णा म्हणाला. "म्हाराज म्हणत्यात, तळपाय हीच चाळणी."

"अरे, तळपायातून रक्तातली घाण निघत असती तर रोज घमेल्यात पाय बुडवून सगळे बरे झाले असते! त्या नळीतून रक्त फिरतं. बारीक पडद्याच्या एका बाजूनं रक्त, दुसऱ्या बाजूनं औषधी पाणी. चार तास लागतात त्याला."

"चार तास आई रडती, ते तुला कुठं दिसतंय?"

मी त्याला सोडून आत्याकडे वळलो.

आत्याला भेटलो तर ती खुशीत होती. महाराजांनी मशीन बंद करायला सांगितलं होतं, कारण "मशीन आणि ऊर्जा एकमेकांना कापतात." टबातल्या अकरा बैठका, रोज एक, न चुकता करायच्या. आणि पाणी पोटभर प्यायचं, "दारं धुऊन निघतात." वर्षभर आत्या दिवसाला दोन पेले मोजून पाणी पीत होती. उन्हाळ्यात ओला रुमाल ओठांवर धरून बसायची.

"इंद्या, काल तांब्याभर पाणी पिले रे. गार. सारखं थांबून थांबून पिले, संपू नये म्हणून."

"आत्या, ते पाणी अंगात साचतंय. बाहेर निघायला वाटच नाही त्याला. छातीत जाईल."

"जाऊ दे. लई दिवसांनी गेलं तर खरं." तिने मला डावा हात दाखवला. सुया टोचून टोचून शीर दोरखंडासारखी फुगली होती. "आठ दिस झाले, कोणी टोचलं नाय."

मला रडू आलं आणि संतापही आला. दुसऱ्या दिवशी रविवारी मी तयारीने गेलो.

गर्दी भरल्यावर मी उभा राहिलो. "महाराज, टबात कुणाचेच पाय न घालता बटन दाबा."

कुजबुज झाली. महाराज हसले. माणूस हुशार होता, त्याला माझं काम ठाऊक झालं असावं. "दाबा, माउली, तुम्हीच दाबा."

नवं पाणी, नवं मीठ. मी बटन दाबलं. पाच मिनिटांत पाणी पिवळं, मग तपकिरी, मग गाळ. टबात पाय नव्हते. मी लोकांकडे वळलो. मला वाटलं, संपलं आता.

"पाहिलंत?" महाराज माइकवर कुजबुजले. "सहा दिवस या हॉलमध्ये शेकडो लोकांनी विष टाकलं. ते हवेत आहे. भिंतीत आहे. पाणी ते ओढतंय. रिकाम्या टबानंसुद्धा काम थांबवलं नाही!"

टाळ्या पडल्या. खरोखर टाळ्या पडल्या.

मी खिशातून टॉर्चच्या जुन्या सेलमधून काढलेल्या दोन काळ्या कांड्या काढल्या. कार्बनच्या. धुऊन, घासून आणल्या होत्या. पाणी बदललं, लोखंडी सळया काढून त्या कांड्या जोडल्या आणि आत्याला म्हणालो, "आत्या, आता पाय घाल." तिने घातले. वीस मिनिटं करंट चालू ठेवला. बुडबुडे आले, विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरीसारखा वास आला. पाणी नितळ राहिलं. तळाला आत्याची जोडवी स्पष्ट दिसत होती.

"पाय तेच, मीठ तेच, करंट तोच," मी ओरडलो. "फक्त लोखंड काढलं. गाळ कुठे गेला?"

फकिरा म्हातारा वाकून टबात बघत राहिला. मग महाराजांनी डोळे मिटले. "असिद्ध कांडी. दार ठोठावलंच नाही, तर उघडणार कसं?"

"व्हय की," फकिरा म्हणाला. "सिद्ध नव्हती ती."

कृष्णाने माझा दंड धरला. "दादा, आता जा तू. आईला तरास व्हतोय."

मी आत्यासमोर बसलो. जीप बाहेर उभी आहे, आत्ता निघू, सिस्टर वाट बघतायत, असं सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तुझंच खरं असंल, बाळा. तू शिकलेला. पण मला पुन्हा तिथं नेऊ नको. हात जोडते."

तिने खरंच हात जोडले. मी जीप परत पाठवली.

सोमवारी तिचा चेहरा सुजला. मंगळवारी नववी बैठक झाली. टबातलं पाणी त्या दिवशीही ठरल्याप्रमाणे तपकिरी झालं आणि लोकांनी ठरल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. बुधवारी पहाटे तिला आडवं होता येईना, तोंडाला फेस आला. तेव्हा कृष्णाचा फोन आला आणि मी जीप घेऊन पोचलो. चिकलठाणा ओलांडताना माझ्या खांद्यावर मान टाकून ती गेली. मंजुषा सिस्टर दारात व्हीलचेअर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आत्याची नाडी बघितली आणि खुर्ची मागे घेतली.

दहाव्याला मी कृष्णाजवळ बसलो. वाटलं, आता तरी तो बोलेल, रडेल, महाराजाला शिव्या देईल. तो म्हणाला, "दोनच बैठका राहिल्या व्हत्या, दादा. मीच घाबरून तिला गाडीत घातलं. तेवढ्या झाल्या असत्या तर…"

काय बोलणार? त्याला गंज समजावून सांगणं म्हणजे आईला तूच मारलंस असं सांगणं. महाराज तोवर पिशोरकडे गेले होते. तिथलं कार्यालय आमच्यापेक्षा मोठं आहे, असं ऐकतो.

कृष्णाला सांगता आलं नाही, ते तुम्हाला सांगतो. तुमच्या गावात टब आला तर पाय घालू नका, नुसतं बटन दाबायला लावा. पाणी तांबडं झालं तर ते लोखंड आहे. हवेतलं विष नाही, भिंतीतलं नाही, कुणाच्या किडनीतलं तर नाहीच नाही. एवढं कळलं की पुढचं उत्तर ऐकायला थांबू नका, कारण असल्या माणसांकडे उत्तरं कधी संपत नाहीत. आजारी माणसाला उचला, गाडीत घाला, दवाखान्यात न्या. तो रडेल, शिव्या देईल, हात जोडेल. तरी न्या. माझ्या आत्याने हात जोडले आणि सगळं कळत असून मी तिचं ऐकलं.